माग थांबले की

"टीचर, लेकरं आपण होऊन जात न्हाईत. कुणीतरी बोलवून न्यायलंय त्यास्नी."

नरसम्मा ही बालवाडीची आया. तिला हे आईच्या कानात सांगायचं होतं, पण आमच्या शाळेत कानात काही सांगता यायचं नाही. तिथे गुपितसुद्धा ओरडूनच सांगावं लागे. त्यामुळे बालवाडीच्या खोलीत, खडू-फळ्याच्या कपाटामागे डबा खात बसलेल्या मला ते स्वच्छ ऐकू आलं. हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.  आईने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग मुलांकडे. बावीस मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती आणि बहुतेक पेंगत होती.

शाळा शहराच्या पूर्व भागात, मागांच्या एका गल्लीत होती. दुमजली, पिवळी, वर इंग्रजी माध्यमाची पाटी. डावीकडे टॉवेलचा कारखाना, उजवीकडे चादरीचा, आणि बालवाडीच्या मागच्या भिंतीला भिंत लावून राजमल्लूकाकांचा आठ यंत्रमागांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली लांबट खोली, दुसरं काही नाही. पण सकाळी आम्ही प्रार्थनेला उभं राहायच्या आधीपासून संध्याकाळपर्यंत तिन्ही बाजूंनी खटाखट, खटाखट चालू असे. फळ्यावरचा खडू आपोआप सरकत सरकत खाली पडायचा. नवीन कुणी आलं की पहिली दोन मिनिटं कानावर हात ठेवून बोलायचं. आम्हाला पहिल्या आठवड्यानंतर तो आवाज ऐकू येणं बंद झालं होतं. मुलं तिथलीच, मागवाल्यांची, विड्या वळणाऱ्या बायांची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शाळेत इंग्रजी यावं म्हणून आईबापांनी हौसेने घातलेली. आई बालवाडीची टीचर, मी वरच्या मजल्यावर सातवीत. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली डबे उघडून गोलात बसत आणि मी खाली आईच्या कपाटामागे. मला कुणी छळत नव्हतं. मला बोलायला वेळ लागायचा, एवढंच. मोठ्या मॅडमसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोर, इंग्रजीतच बोलायचा नियम होता. मी वाक्य मनात तयार करायची, ते नीट आहे का बघायची, आणि तोवर बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. दोन-तीन वर्षं असं झाल्यावर माणूस वाक्य तयार करणंच सोडून देतं आणि नुसतं बघायला लागतं.

त्या वर्षी आमच्या शाळेतून मुलं जायला लागली होती. पळून नव्हे. पळून जाणारं मूल कसं असतं ते सगळ्यांना माहीत होतं: ते रडतं, चप्पल टाकून धावतं, फाटकाला लोंबकळतं. ही मुलं शांतपणे उठून चालायला लागायची. पहिला एक मुलगा गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाच्या चक्कीसमोर उभा सापडला. चक्कीवाल्याने त्याला नाव विचारलं, बिस्कीट दिलं, त्याने बिस्कीट घेतलं आणि हातात धरून उभा राहिला. मग एक दिवस दोन मुली, एकीमागे एक, बंद मिलच्या दगडी भिंतीपर्यंत गेल्या. भिंतीकडे तोंड करून दोघी उभ्या होत्या, असं बघणाऱ्याने सांगितलं. भिंतीवर काहीही नव्हतं. भिंतीपलीकडे मोठा रस्ता आणि त्यापुढे रेल्वेचे रूळ. कुठे चालला होतात म्हणून विचारलं की प्रत्येक मूल एकच सांगायचं, "घरी." त्या दोघींची घरं बरोबर उलट्या दिशेला होती.

मोठ्या मॅडमनी सगळं करून पाहिलं. त्या उंच, काटक, साठीच्या बाई होत्या आणि शाळा त्यांचीच असल्यासारखी सांभाळायच्या. फाटकाची कडी वर नेली, तर एकाने स्टूल आणलं. एक म्हातारा राखणदार ठेवला. तो मागांच्या आवाजात इतका गाढ झोपायचा की मुलं त्याच्या काठीवरून पाय टाकून जायची. मुलांच्या खिशात नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या घातल्या, त्या मुलांनी चघळल्या. चिठ्ठ्यांनी मूल सापडलं असतं, थांबलं नसतंच. नरसम्माचं म्हणणं वेगळं होतं. बंद मिलमध्ये एक जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, मागात सापडून मेला होता, आणि मिल चालू नाही तरी तो पाळीला माणसं बोलावतो. मोठी माणसं ऐकत नाहीत, लेकरं ऐकतात. आई तिला म्हणायची, "साकु, नरसम्मा." आमच्या घरात कानडीही चालायचं, आणि एखादी गोष्ट अगदी पुरे झाली की आईच्या तोंडून मराठी निघत नसे.

घुंगरू ही मोठ्या मॅडमचीच कल्पना. त्यांनी स्वतः नवी पेठेत जाऊन ते आणले, पितळेचे, वाटाण्याएवढे, एका पिशवीत. एका संध्याकाळी आई ती पिशवी घेऊन घरी आली आणि आम्ही जेवणं झाल्यावर सतरंजी पसरून बसलो. आमचं घर होटगी रोडला, बँकेतल्या लोकांच्या कॉलनीत. तिथे संध्याकाळी शेजारच्यांची फोडणीसुद्धा ऐकू यायची. आईने लाल इलॅस्टिकचे तुकडे कापले, मी प्रत्येकावर पाच-पाच घुंगरू शिवले, उजव्या पायापुरते. ताटात उरलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मध्ये ठेवली होती. चटणीचं तेल बोटाला लागलं की सुई निसटायची आणि घुंगरू फरशीवर लांब पळायचे. अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शाळा काढलीय का तमाशाचा फड?"

"तुमच्या बँकेत साहेबांना बांधा एक जोड," आई म्हणाली. "जागेवर असतात का कळेल तरी."

अप्पा हसले. मग आईने मला एक बांधायला लावला आणि चालत बाहेर जायला सांगितलं. मी हॉलमधून व्हरांड्यात गेले, जिना उतरून फाटकापर्यंत गेले. आतून अप्पांचा आवाज आला, "येतंय ऐकू! अजून जा!" मी कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत गेले. तिथपर्यंत येतंय म्हणाले. आई समाधानाने उठली आणि ताटं उचलायला लागली. ती इतकी हुशार बाई. कापडाचा तुकडा न मोजता बरोबर मापात कापायची. पण घुंगरांची परीक्षा आम्ही होटगी रोडच्या शांततेत घेतली, हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

शाळेत गेल्यावर घुंगरांचा आवाज येईनाच. बावीस मुलं अंगणात उड्या मारत होती आणि मागांच्या खटाखटीत ती मुकी दिसत होती. मोठ्या मॅडमचा चेहरा उतरला. नरसम्मा तोंडाला पदर लावून हसली. दोन-तीन दिवस असेच गेले आणि मग एका दुपारी, आम्ही वर इतिहासाची चाचणी लिहीत असताना, लाईट गेली.

ज्याने मागांच्या गल्लीत दिवस काढलेला नाही त्याला लाईट जाणं म्हणजे पंखा थांबणं. आमच्याकडे आधी जमीन थांबायची. पायाखालची थरथर गेली की बाकावर बसलेल्या माणसाला आपण जरा वर उचलले गेलो असं वाटायचं. मग गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे माग एकेक करून पडत जायचे, आणि शेवटचा थांबला की कानात एक बारीक शिट्टी उरायची. त्या दिवशी त्या शिट्टीतून खालून आवाज आला. छन्. मग छन्, छन्. मग पुष्कळ. धावण्याचा नाही, नाचण्याचा नाही. एकाच वेळी बावीस जण उठून उभे राहावेत आणि एकाच चालीने निघावेत, तसा. वर्गात कुणीतरी हसलं. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं, कारण हसू मध्येच तुटलं. आम्ही सगळे पेनं हातात धरून, मान खाली घालून ऐकत राहिलो, आणि तो आवाज खोलीतून दाराकडे सरकत होता. नरसम्माने धाडकन दार लावल्याचं ऐकू आलं. घुंगरू थांबले नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला बराच वेळ वाजत राहिले.

त्या दुपारी मला कळलं. माझ्यात काही विशेष नव्हतं, मी फक्त बघणारी मुलगी होते. पहिला मुलगा गेला तेव्हा लाईट गेलेली होती. त्या दोघी गेल्या तेव्हाही. ही सगळी मुलं मागाखाली वाढलेली. आई-बाप मागावर, शेजारी साडीची झोळी बांधलेली, आणि त्या खटाखटीत पोर झोपलेलं. माग थांबला की ते जागं व्हायचं, कारण माग थांबला म्हणजे हात मोकळे झाले, आता कुणीतरी उचलणार, खाऊ घालणार. शाळेतही तेच होत होतं. आवाज असेतोवर पेंगायची, आवाज पडला की उठून आपलं माणूस शोधायला निघायची. यात भुताचं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर हे कळल्यावर भीती कमी झाली नाही, वाढली. भुताला निदान घालवता येतं.

मी हे आईला सांगायला हवं होतं. कदाचित आईला माहीत असेल, मोठ्यांना सगळं माहीत असतं, असं म्हणून मी गप्प राहिले. आणि तसं पाहिलं तर उपाय लागू पडला होता. लाईट गेली की घुंगरू वाजायचे, नरसम्मा दार लावायची, आवाज आत कोंडला जायचा. सगळे इतके निर्धास्त झाले की मुलांची डोकी मोजणं बंद पडलं. आधी आई तासातासाला बोट दाखवत बावीसपर्यंत मोजायची. आता ती नुसतं ऐकायची.

अंजू त्या बावीसांतली. चार वर्षांची, केसांना भरपूर तेल, आणि बोलण्यात माझ्याहून कमी. मी कपाटामागे डबा खायची तेव्हा ती मागच्या भिंतीला तळहात लावून उभी असायची. आधी मला वाटलं थंड वाटत असेल. मग एकदा मीही तिच्या हाताशेजारी हात ठेवला. भिंतीपलीकडे आठ माग होते, आणि त्यांतला एक बाकीच्यांसारखा चालत नव्हता. खट, खट, खट, आणि मग एक ओढल्यासारखा ठोका, पाय घासत चालणाऱ्या माणसासारखा. मी नरसम्माला विचारलं. मी स्वतःहून विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी तो एक.

"तो लंगडा माग हाय," नरसम्मा म्हणाली. "हिच्या बापाचाच. त्यानं इकला राजमल्लूकाकाला, अन् गेला सुरतला. लेकीला कळतंय की. बाप बोलल्यागत वाटत आसंल तिला."

अंजूने नरसम्माकडे पाहिलंही नाही. ती भिंत ऐकत होती.

परीक्षा जवळ आल्या होत्या आणि ऊन इतकं होतं की नळाचं पाणी ओंजळीत धरवत नसे. बालवाडीच्या मुलांना नळावर नेऊन पाणी पाजायचं काम सातवीच्या मुलींकडे पाळीने असायचं. त्या दिवशी माझी पाळी होती. सगळी मुलं पिऊन आत गेली, अंजू एकटी मागे राहिली. तिने उजवा पाय उचलून माझ्यासमोर धरला. इलॅस्टिकने घोट्याभोवती लाल वळ उठला होता, एका ठिकाणी कातडी सोलली होती. ती रडत नव्हती. पाय धरून बघत होती माझ्याकडे. मी इलॅस्टिक काढलं. घरी नेऊन आतून मऊ कापड शिवायचं आणि उद्या बांधायचं, असं ठरवलं, आणि ते माझ्या खिशातल्या कंपासपेटीत, खोडरबराशेजारी, ठेवून दिलं. मला आनंद झाला होता. मी कुणाला न विचारता एक चांगली गोष्ट केली होती. तेवढ्यात वर घंटा झाली. मी अंजूला म्हटलं, "जा आत." ती निघाली असं मला दिसलं. ती आत पोचली का, ते मी पाहिलं नाही. मी जिना चढत होते तेव्हा लाईट गेली.

खाली घुंगरू वाजले. दार लागलं. नेहमीसारखं सगळं झालं.

शाळा सुटायच्या वेळी अंजूची आई आली. विडी कारखान्यात वळलेल्या विड्या देऊन ती सरळ यायची, काखेत रिकामं सूप असायचं. बालवाडीची मुलं एकेक करून आईबापांच्या हाती गेली आणि ती दारातच उभी राहिली. "माझी कुटाय?" तिने हसतच विचारलं. आईने खोलीत बघितलं. खोली रिकामी होती. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नरसम्मा संडासाची दारं उघडत गेली. राखणदाराला गदागदा हलवलं. मोठ्या मॅडम अनवाणी अंगणात आल्या. कुणीतरी मिलच्या भिंतीकडे धावलं, कुणी रुळांकडे. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आवाज आला असता. घुंगरू आहेत पायात. आवाज आला असता." आणि नेमकं तेव्हाच लाईट आली. माग सुरू झाले, एक, दोन, सगळी गल्ली, आणि कुणाचंच कुणाला ऐकू येईना.

मोठ्या मॅडमनी दोन्ही हात वर केले. त्या कारखान्याकारखान्यात शिरल्या आणि सगळ्यांना माग बंद करायला लावलं. "पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं आवाज करू नका. पोरीच्या पायात घुंगरू आहेत. आपल्याला ऐकू येईल." कुणी वाद घातला नाही. लाईट असताना माग थांबलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. कारागीर बाहेर आले आणि आपापल्या दारात उभे राहिले. त्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर सुताचे तंतू चिकटलेले असतात, आत ते ध्यानात येत नाही. बाहेर भर उन्हात ती पांढऱ्या भुवयांची माणसं दोन्ही बाजूंनी रांगेने उभी होती आणि कुणी हलत नव्हतं. वरच्या खिडक्यांतून बाया. एका घरात कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी धावत जाऊन गॅस बंद केला. एक कुत्रं उठलं, त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा बसलं. चाळीस-पन्नास माणसं, दिवसाढवळ्या, श्वास धरून एका चार वर्षांच्या पोरीच्या पायाचा आवाज ऐकत होती.

तो आवाज माझ्या खिशात होता. स्कर्टच्या उजव्या खिशात कंपासपेटी, पेटीत घुंगरू. मी शाळेच्या फाटकाशी उभी होते आणि मला हलता येत नव्हतं. मी खिशावर तळहात दाबून धरला. घाम हातातून पेटीच्या पत्र्यावर उतरत होता. मनात वाक्य तयार होत होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि दोन्हीकडे ते 'मी'पासून सुरू होत होतं आणि तिथेच अडत होतं. मी काढले. मी सोडलं. मी पाहिलं नाही. आई समोर होती. तिचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, अजून एक मिनिट. तेवढ्यात सापडेल. कुणालाही कळणार नाही. आजही मला स्वतःची सर्वांत जास्त भीती वाटते ती या एका मिनिटासाठी. लाईट गेली की मी अजून आधी ऐकते, मग मेणबत्ती शोधते. आता त्या शाळेत कॅमेरे आहेत, फाटकाला बाहेरून उघडणारं कुलूप आहे, पालकांच्या फोनवर मूल पोचल्याचा मेसेज येतो. चांगलं आहे. पण माझ्यासारखी एखादी मुलगी तिथे उभी असेल तर कॅमेऱ्यात ती फक्त उभी असलेली दिसेल.

खिशावरचा माझा हात घसरला असावा. खिशातून आवाज आला. छन्.

सगळी गल्ली वळली.

"आला!" कुणीतरी ओरडलं. "आला, आला, हितंच!" अंजूची आई धावत माझ्याकडे आली. म्हणजे माझ्याकडे नाही. ती माझ्याभोवतीच्या रिकाम्या जागेकडे आली. फाटकामागे पाहिलं, गटारावरच्या फरशीला कान लावला, माझ्या स्कर्टच्या मागे वाकून पाहिलं. "अंजू, रा अम्मा, रा," ती हवेला म्हणत होती, "ये की गं, कुटं लपलीस?" माणसं जवळ आली आणि चार हातांवर थांबली. मूल नव्हतं. आवाज आला होता आणि मूल नव्हतं. नरसम्माने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या आडून ती म्हणाली, "हितंच हाय ती. दिसंना गेलीय नुसती." कुणीतरी मागे सरकलं. एका कारागिराने डोळे मिटून हात जोडले. अंजूच्या आईने नरसम्माकडे पाहिलं, मग माझ्या पायांशी, जिथे काही नव्हतं तिथे, आणि तिचा हात हवेत असा फिरला, जसा आपण अंधारात भिंत चाचपतो. तो हात माझ्या खिशाला घासून गेला.

अंजू सापडली. हे मी इथेच सांगून टाकते, कारण कुणाला टांगून ठेवणं मला बरं वाटत नाही. त्या बाईला मी एक मिनिट टांगून ठेवलं, तेवढं पुरे. थोड्या वेळाने त्या गप्प गल्लीत एकच माग सुरू झाला. खट, खट, खट, आणि ओढलेला ठोका. बाकी सगळे थांबलेले असताना तो एकटा फार मोठ्याने चालत होता, आणि आम्ही सगळे पुन्हा उभे राहिलो. किती वेळ गेला ते माहीत नाही. मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे गटारासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाईप रचलेले होते, त्यांतल्या एकातून ती बाहेर आली. गुडघ्यांना धूळ, केस एका बाजूला चपटे. माग बंद असताना सगळी दारं सारखीच, म्हणून तिला राजमल्लूकाकांचं दार सापडलं नव्हतं आणि ती सावली बघून बसून राहिली होती. आता ती चालत आली, डावा हात भिंतीला लावून, डोळे अर्धवट मिटलेले, पांढऱ्या भुवयांच्या माणसांमधून. तिच्या पावलांचा काहीही आवाज येत नव्हता. कुणाची तिला हात लावायची हिंमत झाली नाही, तिच्या आईचीसुद्धा. ती कारखान्याच्या दारात थांबली, आत डोकावली, मागावर कोण आहे ते पाहिलं. राजमल्लूकाका होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

पण हे नंतरचं. त्याआधी मला तोंड उघडावं लागलं, आणि ते कसं उघडलं ते मी तेवढ्याच नीट लिहिलं पाहिजे. अंजूच्या आईचा हात खिशाला लागला तेव्हा घुंगरू पुन्हा वाजले. या वेळी ते तिने ऐकले, आणि कुठून आले तेही.  तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्यामागे आई होती, आणि तिने अजून काही ओळखलं नव्हतं. मोठ्या मॅडमचे दोन्ही हात अजून वर होते. मी पेटी बाहेर काढली. झाकण घामाने घसरत होतं. दुसऱ्या खेपेला ते उघडलं आणि खोडरबर, कर्कटक आणि पेन्सिली खाली पडल्या. लाल इलॅस्टिक माझ्या बोटात राहिलं. ते मी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, आणि शाळेच्या फाटकाशी, मोठ्या मॅडमच्या समोर, त्या गल्लीत माझा कुणी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात मराठीतच म्हणाले,

"ऐकत नका उभे राहू, घुंगरू माझ्याकडे आहेत, मी काढले. राजमल्लूकाका, तुमचा तो लंगडा माग चालू करा. ती त्याच्याकडे येईल."